व्हीएमनं होस्ट बदलावा, डिस्कच्या क्यू बदलू नयेत

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगलेची पंचतारांकित एमआयडीसी, कुठंही मध्यम कारखान्याची सर्व्हर रूम उघडा, मांडणी साधारण एकच दिसते. दोन नाहीतर तीन होस्ट (खरे सर्व्हर), मध्ये एक आयस्कझी स्टोरेज (नेटवर्कवरून डिस्क देणारं), वर केव्हीएम, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारी लिनक्सची सोय. त्यावर ईआरपीचा डेटाबेस, फाइल सर्व्हर, डोमेन कंट्रोलर, हजेरीचं सॉफ्टवेअर. होस्ट एकाच दिवशी घेतलेले नसतात. पहिला जुना, दुसरा बजेट मंजूर झाल्यावर तीन-चार वर्षांनी आलेला. त्यामुळं दुसऱ्यावरचं लिनक्सही नवं आणि क्यूएमयू, म्हणजे व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम, तोही नवा. मग ठरलेली तक्रार येते: व्हीएम इकडून तिकडं जाते, तिकडून इकडं येत नाही. किंवा जाते-येते, पण एका होस्टवर डेटाबेस पळतो आणि दुसऱ्यावर रखडतो. सीपीयू बघून होतो, नेटवर्क बघून होतं. डिस्कच्या क्यूंकडं, म्हणजे डिस्कच्या कामांच्या रांगांकडं, मात्र सगळ्यात शेवटी लक्ष जातं.

आज्ञा, फाइलींचे मार्ग आणि सेटिंगची नावं इथं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाकायची.

कुठली क्यू कुणाची

गेस्टमधून, म्हणजे व्हीएमच्या आतल्या ऑपरेटिंग सिस्टिममधून, निघालेली डिस्कची विनंती स्टोरेजला पोचेपर्यंत तीन ठिकाणी थांबते. पहिलं ठिकाण म्हणजे गेस्टच्या मेमरीतली व्हर्टक्यू. व्हर्टआयओ-ब्लॉक किंवा व्हर्टआयओ-स्कझी या आभासी डिस्क उपकरणांचा ड्रायव्हर विनंती तिथं ठेवतो. दुसरं, होस्टवरच्या क्यूएमयू प्रोसेसचा आयओथ्रेड (डिस्कचं काम उपसणारा थ्रेड) आणि त्याचा एआयओ कॉन्टेक्स्ट (कर्नलकडं सोपवलेल्या विनंत्यांची जागा). तिसरं, होस्टच्या कर्नलमधलं खरं डिव्हाइस: आयस्कझी सेशन, एचबीए (स्टोरेजचं कार्ड), मल्टिपाथचे (एकाच डिस्कपर्यंतचे अनेक) मार्ग.

पहिलं व्हीएमच्या हार्डवेअरचा भाग आहे. बूट होताना गेस्टनं ते पाहिलेलं असतं, त्याप्रमाणं इंटरप्ट वाटलेले असतात, मेमरीत रिंगा आखलेल्या असतात. चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर न्यायची तर तिथं हुबेहूब तेच उपकरण उभं राहायला हवं. दुसरं आणि तिसरं होस्टच्या मालकीचं. गेस्टला ते दिसत नाही, मायग्रेशनच्या (व्हीएम दुसऱ्या होस्टवर नेण्याच्या) प्रवाहातून जात नाही, व्हीएमबरोबर फिरत नाही.

म्हणजे क्यूंची संख्या, एका क्यूची लांबी, ब्लॉक साइझ, डिस्कार्डची (मोकळी झालेली जागा परत देण्याची) सोय, पीसीआय पत्ता आणि मशीन टाइप (क्यूएमयू कुठल्या नमुन्याचं मशीन उभं करतं ते) हे दोन्हीकडं तंतोतंत सारखं हवं. कॅश मोड, एआयओचा प्रकार, आयओथ्रेडची वाटणी, होस्टवरचा शेड्युलर (विनंत्यांचा क्रम लावणारा), लनची (स्टोरेजनं दिलेल्या डिस्कची) क्यू-डेप्थ (एका वेळी सोडता येणाऱ्या विनंत्या) हे वेगळं असलं तरी व्हीएम फिरते. पण वेग बदलतो, आणि "नव्या सर्व्हरवर सिस्टिम स्लो झाली" म्हणून फोन येतो.

आकडा लिहून ठेवा

क्यूएमयू ५.२ डिसेंबर २०२० मध्ये आलं. तोवर व्हर्टआयओ-ब्लॉकला न सांगता मिळणारी क्यू एकच होती. ५.२ पासूनच्या मशीन टाइपला मात्र पीसीआयवरच्या व्हर्टआयओ-ब्लॉक आणि व्हर्टआयओ-स्कझीसाठी व्हीसीपीयू (व्हीएमला दिलेले सीपीयू) जितके तितक्या क्यू आपोआप मिळतात. त्याआधी एप्रिल २०२० मधल्या ५.० नं क्यूची डीफॉल्ट लांबी १२८ वरून २५६ केली होती. त्यासोबत एका विनंतीतल्या सेगमेंटची मर्यादाही १२६ ची २५४ झाली, कारण ती लांबीतून दोन वजा करून काढली जाते.

हे सगळं मशीन टाइपला बांधलेलं आहे, क्यूएमयूच्या आवृत्तीला नाही. नव्या क्यूएमयूवर 'पीसी-क्यू३५-५.१' असं लिहून व्हीएम चालवली तर तिला जुनेच आकडे मिळतात. नुसतं 'क्यू३५' लिहिलं की प्रत्येक होस्ट आपल्याकडचा सगळ्यात नवा अर्थ घेतो. स्वतःच्या शेल स्क्रिप्टमधून क्यूएमयू चालवणाऱ्यांचा घात इथं होतो. तीच स्क्रिप्ट, तीच डिस्क, पण एकीकडं एक क्यू आणि दुसरीकडं चार.

लिबव्हर्ट, म्हणजे क्यूएमयूच्या व्हीएम सांभाळणारं साधन, वापरत असाल तर निम्मी काळजी मिटते. ते व्हीएम डिफाइन करतानाच 'क्यू३५' चं पूर्ण नाव करून ठेवतं आणि लाइव्ह मायग्रेशनला स्रोत होस्टवरचा चालू एक्सएमएल पलीकडं पाठवतं. तरी दोन भोकं राहतात. एक टेम्प्लेटचं: एकच टेम्प्लेट दोन होस्टवर वेगवेगळं डिफाइन केलं की दोन मशीन टाइप, पर्यायानं दोन स्वभाव. दुसरं व्हीसीपीयूचं. आकडा आपोआपवर सोडलेला असताना कुणी व्हीसीपीयू ४ चे ८ केले, तर पुढच्या थंड सुरुवातीला (पूर्ण बंद करून चालू केल्यावर) क्यूही ८ होतात. डिस्कच्या सेटिंगला कुणी हात लावलेला नसतो, त्यामुळं शोधणाऱ्याला बदलाची नोंदही सापडत नाही.

उपाय एका ओळीचा आहे. व्हर्श (लिबव्हर्टची आज्ञा) एडिट करून डिस्कच्या ड्रायव्हर टॅगमध्ये क्यूज=४ आणि क्यू_साइझ=२५६ असं स्वच्छ लिहायचं. लांबी दोनाच्या घातातच असावी लागते आणि १०२४ च्या वर जात नाही. व्हर्टआयओ-स्कझी असेल तर क्यूंची संख्या डिस्कवर नाही, कंट्रोलरच्या ड्रायव्हर टॅगवर लिहायची. ही गल्लत फार होते.

बदल केल्यावर गेस्टच्या आतून रीबूट मारून उपयोग नाही, कारण क्यूएमयूची प्रोसेस तीच राहते. व्हर्श शटडाउन, व्हीएम पूर्ण बंद झाल्याची खात्री, मग व्हर्श स्टार्ट. यासाठी वेळ बघून घ्या. साखर कारखान्यात गळीत हंगाम चालू असताना पंधरवड्याची ऊसबिलं निघायच्या दिवशी डेटाबेस बंद करायला कुणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. तोवर व्हर्श डम्पएक्सएमएल दोनदा काढून ठेवा, एकदा साधं आणि एकदा इनअ‍ॅक्टिव्ह हा पर्याय लावून. पहिलं आत्ता काय चाललंय ते सांगतं, दुसरं पुढच्या सुरुवातीला काय होईल ते. दोन्हींत क्यूंचा आकडा वेगळा दिसला तर अर्धवट सोडलेलं काम सापडलं म्हणायचं.

गेस्टमध्ये खात्री करायला सिस-ब्लॉक-व्हीडीए-एमक्यू ही डिरेक्टरी बघा. आत ०, १, २, ३ अशा जितक्या उपडिरेक्टऱ्या, तितक्या क्यू. प्रत्येकीत सीपीयू_लिस्ट नावाची फाइल असते. कुठल्या सीपीयूची विनंती कुठल्या क्यूत जाते ते त्यात कळतं.

लॉगमधली एक ओळ

संख्या जुळली नाही की मायग्रेशन शेवटच्या टप्प्यावर पडतं. स्रोत होस्टवर "ऑपरेशन फेल्ड" छापाचा मोघम निरोप येतो. त्यावरून काही कळत नाही. खरं कारण पलीकडच्या होस्टवर असतं, व्हार-लॉग-लिबव्हर्ट-क्यूएमयू इथल्या व्हीएमच्या नावाच्या लॉगमध्ये. तिथं बहुधा अशी ओळ सापडते:

गेट_पीसीआय_कॉन्फिग_डिव्हाइस: बॅड कॉन्फिग डेटा: आय=०एक्स९ए रीड: ४ डिव्हाइस: १

ही ओळ पाहून लोक पीसीआय पत्ते तपासत बसतात. पण ती सरळ वाचता येते. 'रीड' म्हणजे स्रोताकडून आलेला आकडा, 'डिव्हाइस' म्हणजे इथं उभ्या केलेल्या उपकरणातला. ही जागा एमएसआय-एक्स इंटरप्ट व्हेक्टरच्या मोजणीची आहे, आणि तिथं व्हेक्टर वजा एक असा आकडा ठेवलेला असतो. व्हर्टआयओ-ब्लॉकला प्रत्येक क्यूमागं एक आणि कॉन्फिगसाठी एक असे व्हेक्टर लागतात. चार क्यूंचे पाच, वजा एक, चार. म्हणजे ब्लॉक डिव्हाइसच्या बाबतीत हा आकडा थेट क्यूंचीच संख्या: तिकडं ४, इकडं १. व्हर्टआयओ-स्कझीला कंट्रोल आणि इव्हेंट अशा दोन क्यू जादा असतात, म्हणून त्याच फरकाला रीड ६, डिव्हाइस ३ दिसेल. आकडे हेक्समध्ये छापले जातात, आकडा नऊच्या वर जात असेल तर हे ध्यानात ठेवा.

ही तपासणी नसती तर पुढं आणखी वाईट झालं असतं. डिस्कवर चूक येऊन अडकलेल्या विनंत्यासुद्धा मायग्रेशनच्या प्रवाहातून जातात. क्यू एकापेक्षा जास्त असतील तरच प्रत्येक विनंतीबरोबर तिच्या क्यूचा क्रमांक लिहिला जातो, एकच असेल तर लिहिलाच जात नाही. म्हणजे एक क्यू आणि चार क्यू यांत प्रवाहाची मांडणीच वेगळी. जबरदस्तीनं जुळवायला वावच नाही.

क्यूच्या लांबीतला फरक मात्र असा ओरडून सांगितला जाईलच असं नाही. चालू व्हीएम आलेल्या लांबीवर चालत राहते आणि फरक पुढच्या रीबूटला कधीतरी कळतो. म्हणून लांबीही लिहाच.

किती क्यू, किती लांब

इथं लोक उत्साहात येतात. मोठा आकडा दिला की पळेल असं वाटतं. गेस्टचा ड्रायव्हर आपल्या सीपीयूंपेक्षा जास्त क्यू घेतच नाही, त्यामुळं ४ व्हीसीपीयूला १६ क्यू लिहिल्या तर १२ नुसत्या पडून राहतात. आणि खालचं स्टोरेज हळू असेल तर चारही व्यर्थ. यार्डात उसाच्या गाड्यांच्या रांगा आठ लावा, गव्हाण एकच असेल तर गाळप तेवढंच.

आकड्यांत बघू. एक गिगाबिटच्या आयस्कझीतून सेकंदाला साधारण ११० एमबी जातात. ८ केबीच्या विनंत्या धरल्या तर चौदा हजारांच्या आसपास. ७२०० आरपीएमच्या आठ हार्डडिस्कच्या रेड १० मधून रँडम रीड सहाशे-आठशेच निघतात. इथं एक क्यू पुरून उरते. अनेक क्यूंचा फायदा दिसतो तो खाली एनव्हीएमई किंवा १० गिगाबिटवरचं एसएसडी स्टोरेज असेल आणि गेस्टमध्ये एकाच वेळी अनेक सीपीयूंवरून डिस्कला काम जात असेल तेव्हा. माझा साधा हिशेब असा: फाइल सर्व्हर आणि डोमेन कंट्रोलरला एक क्यू, ८ व्हीसीपीयूच्या डेटाबेसला डेटा डिस्कवर चार, लॉगच्या डिस्कवर एक किंवा दोन. लांबी सगळीकडं २५६. त्याहून वर जायचं तर मोजून आणि कारण देऊन.

एकाच्या चार क्यू केल्या की आणखी एक गोष्ट न सांगता बदलते. लिनक्स गेस्टमध्ये एकच हार्डवेअर क्यू असलेल्या डिस्कला सहसा एमक्यू-डेडलाइन शेड्युलर मिळतो, अनेक क्यूंच्या डिस्कला 'नन'. हळू डिस्कवर विनंत्यांचा क्रम लावणारं कुणी उरत नाही, आणि रात्री बॅकअप चालू असताना एखादी रीड विनंती उपाशी राहते. सिस-ब्लॉक-व्हीडीए-क्यू-शेड्युलर या फाइलमध्ये चौकटी कंसातलं नाव चालू शेड्युलरचं. हवा तो यूडेव्हच्या (लिनक्समधल्या उपकरणं सांभाळणाऱ्या सोयीच्या) नियमानं पक्का करून टाका. विंडोज गेस्टला हा प्रश्न नाही, पण व्हायओस्टोर ड्रायव्हर जुना असेल तर आधी तो अद्ययावत करा.

क्यू चार केल्या तरी होस्टवर त्या उपसणारा थ्रेड एकच असू शकतो, हेही बघायला हवं. एप्रिल २०२४ मधल्या क्यूएमयू ९.० पर्यंत एका डिस्कला एकच आयओथ्रेड देता येत असे. तिथून पुढं व्हर्टआयओ-ब्लॉकच्या वेगवेगळ्या क्यू वेगवेगळ्या आयओथ्रेडना वाटता येतात. व्हर्टआयओ-स्कझीला ही सोय १०.० मध्ये आली. ही वाटणी होस्टची बाब, गेस्टला तिचा पत्ता नसतो. पण दोन होस्टपैकी एकच ९.० च्या पुढं असेल तर वेग सारखा येणार नाही हे धरून चाला.

आयस्कझीकडचे दोन आकडे

ओपन-आयस्कझीच्या आयस्कझीडी.कॉन्फ फाइलमध्ये नोड.सेशन.सीएमडीएस_मॅक्स हा आकडा १२८ असतो आणि नोड.सेशन.क्यू_डेप्थ ३२. पहिला सबंध सेशनचा, दुसरा एका लनचा. एकाच सेशनवर आठ लन असतील तर आठ गुणिले बत्तीस होतात २५६, पण सेशन एका वेळी १२८ च सोडतं. गेस्टच्या चार क्यू प्रत्येकी २५६ च्या, म्हणजे १०२४ विनंत्या उभ्या राहू शकतात, आणि खालचं दार बत्तीसचं.

बत्तीस कमीच असं नाही. एका विनंतीला १ मिलिसेकंद लागत असेल तर बत्तीस एकदम सोडून सेकंदाला ३२,००० होतात. ४ मिलिसेकंद लागत असतील तर ८,०००. आपल्या स्टोरेजचा खरा वेळ मोजा, मग आकडा वाढवायचा का ते ठरवा. हळू स्टोरेजवर डेप्थ वाढवली तर काम वाढत नाही, फक्त थांबायची जागा होस्टवरून स्टोरेजवर जाते. फायबर चॅनेलवर हेच आकडे एचबीएच्या ड्रायव्हरमध्ये असतात. क्यूलॉजिकच्या ड्रायव्हरला क्यूएल२एक्समॅक्सक्यूडेप्थ ६४, एम्युलेक्सच्या एलपीएफसीला लनमागं जुन्या आवृत्त्यांत ३०, नव्यांत ६४. म्हणजे दोन होस्टमधली कार्डं वेगळ्या कंपन्यांची किंवा ड्रायव्हर वेगळ्या आवृत्त्यांचे असतील, तर कुणी काही न करताच दोन होस्ट वेगळे होऊ शकतात.

आयस्कझीतली ठरलेली फसगत अशी. आयस्कझीडी.कॉन्फ बदलली, सर्व्हिस रीस्टार्ट केली, तरी आकडा जुनाच. कारण डिस्कव्हरी (होस्टनं स्टोरेज शोधणं) झाली तेव्हाच प्रत्येक टार्गेटची (स्टोरेजच्या जोडणीची) स्वतंत्र नोंद तयार झालेली असते आणि लॉगिन त्या नोंदीवरून होतं. कॉन्फ फाइल फक्त नव्या नोंदींना लागू. म्हणून आयस्कझीअ‍ॅडम नोड मोडमध्ये अपडेट करून ती नोंद बदलायची, आणि मग लॉगआउट-लॉगिन. चालू डिस्कखालून लॉगआउट करायचं नाही, आधी त्या होस्टवरच्या व्हीएम दुसरीकडं हलवायच्या. शेवटी सिस-ब्लॉक-एसडीबी-डिव्हाइस-क्यू_डेप्थ वाचून खात्री. नवा होस्ट लावणारा आणि जुना लावणारा माणूस वेगळा असेल तर हे आकडे बहुतेक वेळा वेगळेच निघतात. दोन्हीकडं ही फाइल वाचा आणि कमकुवत होस्टला झेपेल तो आकडा दोन्हीकडं ठेवा.

सगळ्या व्हीएम एका होस्टवर येतात तेव्हा

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला. तळमजल्यावर एक रॅक आणि वर दुसरा अशी रचना असलेल्यांना तेव्हा खालचा होस्ट रिकामा करायचा असतो, तोही एका रात्रीत. आणि नेमकं तेव्हा कळतं की वरच्या होस्टवर एकूण सोळा व्हीएम झाल्या की पुढं एकही सुरू होत नाही.

कारण बऱ्याचदा होस्टवरची प्रॉक-सिस-एफएस-एआयओ-मॅक्स-एनआर ही मर्यादा. तिचा डीफॉल्ट ६५,५३६. आयओ=नेटिव्ह लावलेल्या डिस्कसाठी क्यूएमयू प्रत्येक थ्रेडमागं एक एआयओ कॉन्टेक्स्ट मागतं, आणि हल्लीच्या आवृत्त्यांत एक कॉन्टेक्स्ट १०२४ चा. एका होस्टवर दहा व्हीएम, प्रत्येकीला चार डिस्क, प्रत्येक डिस्कला स्वतंत्र आयओथ्रेड: ४० कॉन्टेक्स्ट, ४०,९६०. सगळं सुरळीत. दुसऱ्या होस्टवरही तेवढंच. दोन्हींचा भार एकावर आला की ८१,९२०, आणि ६४ कॉन्टेक्स्टनंतर कर्नल "रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल" म्हणून हात वर करतं. वर्षभर दिसत नाही, गरज असते त्या रात्री दिसतं. सिसकंट्रोलमध्ये एफएस.एआयओ-मॅक्स-एनआर १०,४८,५७६ करून ठेवा, सगळ्या होस्टवर. सध्या किती वापर आहे ते शेजारच्या एआयओ-एनआर फाइलमध्ये दिसतं.

आयओ_यूरिंग (एआयओऐवजीची नवी पद्धत) वापरत असाल तर ही मर्यादा लागत नाही, पण ६.६ पासूनच्या कर्नलमध्ये आयओ_यूरिंग सिसकंट्रोलनं सरसकट बंद करता येतं. सुरक्षेच्या नावाखाली एकाच होस्टवर ते बंद केलेलं असेल तर तिथं व्हीएम उतरणार नाही.

कॅश मोड 'नन' ठेवा. राइटबॅक असेल तर डेटा बिघडू शकतो म्हणून लिबव्हर्टच्या जुन्या आवृत्त्या मायग्रेशन अडवतात. तिथं अनसेफचा पर्याय मारून पुढं जाणं म्हणजे डोळे मिटून महामार्ग ओलांडणं. ते करू नका.

ड्रेनचा वेळ

व्हीएम थांबवून पलीकडं चालू करण्यापूर्वी क्यूएमयू हवेत असलेल्या सगळ्या डिस्क विनंत्या पूर्ण होऊ देतं. यालाच ड्रेन म्हणतात. तोवर गेस्ट थांबलेला असतो. मायग्रेशनची डाउनटाइम मर्यादा डीफॉल्टनं ३०० मिलिसेकंद आहे, पण तो अंदाज उरलेली मेमरी आणि नेटवर्कचा वेग यांवरून काढलेला. डिस्क रिकामी व्हायचा वेळ त्यात धरलेला नसतो.

खोल क्यूची किंमत इथं मोजावी लागते. १०२४ विनंत्या उभ्या आहेत, खालची डेप्थ ३२, एका खेपेला १० मिलिसेकंद. १०२४ भागिले ३२ म्हणजे ३२ खेपा, ३२० मिलिसेकंद. नुसत्या डिस्कपायी मर्यादा ओलांडली. त्याच लनवर त्याच व्हीएमच्या तीन डिस्क तुडुंब असतील तर जवळपास एक सेकंद. डेटाबेसला एक सेकंद चालून जातो, पण क्लस्टरचा हार्टबीट (सर्व्हर जिवंत असल्याचा ठराविक निरोप) किंवा पीएलसीशी (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरशी) बोलणारं सॉफ्टवेअर एवढ्यात कनेक्शन सोडू शकतं. क्यूची लांबी १०२४ करून बसलेल्यांनी हा गुणाकार एकदा स्वतःच्या आकड्यांनी करावा. बॅकअपच्या वेळात मायग्रेशन टाळायचं ते याचसाठी.

मार्ग तुटल्यावर

मल्टिपाथमध्ये क्यू_इफ_नो_पाथ लावलेलं असेल तर सगळे मार्ग गेल्यावर विनंत्या अनंतकाळ थांबून राहतात. ऐकायला सुरक्षित वाटतं. पण त्या पूर्ण होत नाहीत, म्हणून ड्रेन संपत नाही, म्हणून मायग्रेशन लटकतं. या होस्टची केबल गेली, शेजारच्याची शाबूत आहे, आणि तरी व्हीएम तिकडं नेता येत नाही.

त्याऐवजी नो_पाथ_रीट्राय १२ लिहा. पोलिंग ५ सेकंदांचं असतं, म्हणजे साधारण मिनिटभर वाट बघून चूक वर पाठवली जाईल. सोबत डिस्कच्या ड्रायव्हर टॅगमध्ये एरर_पॉलिसी=स्टॉप हवंच. क्यूएमयू आपणहून फक्त जागा संपल्याच्या चुकीला व्हीएम थांबवतं, बाकीच्या चुका गेस्टच्या अंगावर टाकतं आणि फाइलसिस्टिम रीड-ओन्ली होऊन बसते. स्टॉप असेल तर व्हीएम पॉज होते, अडकलेल्या विनंत्या बाजूला ठेवल्या जातात, मायग्रेशनमध्ये सोबत जातात आणि पलीकडं व्हीएम पुन्हा चालू केल्यावर नव्यानं सोडल्या जातात. गेस्टला डिस्क थोडी अडखळली एवढंच वाटतं. फक्त व्हर्श मायग्रेटला अबॉर्ट-ऑन-एरर लावू नका, नाहीतर ही वाट बंद.

प्रॉक्समॉक्स आणि व्हीएमवेअरबद्दल थोडकं

प्रॉक्समॉक्समध्ये (केव्हीएमवरची तयार व्यवस्था) कंट्रोलर म्हणून व्हर्टआयओ स्कझी सिंगल निवडा. प्रत्येक डिस्कला आपला कंट्रोलर मिळतो आणि आयओथ्रेडला अर्थ येतो. क्यूंचा आकडा स्कझी डिस्कच्या ओळीत क्यूज असा लिहिता येतो. नोड अपग्रेड करताना व्हीएम जुन्या नोडवरून नव्यावर न्या. नव्यावर सुरू केलेली जुन्यावर परत येईल असं गृहीत धरू नका.

व्हीएमवेअरवर पीव्हीस्कझी या आभासी कंट्रोलरची डेप्थ डिव्हाइसमागं ६४ असते आणि गेस्टमधून २५४ पर्यंत नेता येते. लिनक्समध्ये मॉड्यूलच्या सीएमडी_पर_लन आणि रिंग_पेजेस या पॅरामीटरनं. हा आकडा गेस्टबरोबर फिरतो. होस्टवरचा शेड-नम-रेक-आउटस्टँडिंग मात्र ५.५ पासून प्रत्येक होस्टवर प्रत्येक लनला वेगळा ठेवला जातो, डीफॉल्ट ३२. व्हीमोशन (व्हीएमवेअरचं लाइव्ह मायग्रेशन) तो घेऊन जात नाही.

चाचणी

गेस्टमध्ये एफआयओ (डिस्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम) चालवा: रँडम रीड-राइट ७०-३०, ब्लॉक ८ केबी, आयओडेप्थ ३२, जॉब ४, डायरेक्ट १, १८० सेकंद. वेगळ्या ४ जीबीच्या फाइलवर चालवा. व्हीडीएवर थेट राइट सोडलं तर डिस्कवरचं सगळं जाईल. ते चालू असताना व्हीएम तिकडं न्या आणि परत आणा. एफआयओच्या शेवटी कम्प्लिशन लेटन्सीचा कमाल आकडा बघा. तो साधारण ड्रेन आणि स्विचओव्हरचा वेळ. दोन्ही दिशांचे आकडे वेगळे मांडा, सरासरीत हा फरक बुडतो.

सोबत आयओस्टॅट-एक्स गेस्ट आणि होस्ट दोन्हीकडं चालू ठेवा. गेस्टमध्ये रीड-अवेट १२ मिलिसेकंद आणि होस्टवर त्याच लनला २ दिसत असेल, तर दहा मिलिसेकंद मधल्या थरात जातायत. आयओथ्रेडचा सीपीयू शंभर टक्क्यांवर गेलाय का ते टॉपमध्ये थ्रेड उघडून बघा. दोन्हीकडं १२ असेल तर गेस्टच्या क्यूंना हात लावायचं कारण नाही, रेड कंट्रोलरची कॅश बॅटरी आणि स्टोरेजच्या स्विचवरचे एरर काउंटर बघायला घ्या.